राज्याचा अधिकार, राज्याची जबाबदारी : रोजगार हमीच्या निमित्ताने

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या पगारदाराच्या वेतनपत्रकात, कपातीच्या रकान्यात एक लहानशी नोंद असते : व्यवसाय कर, रुपये २००. अकरा महिने ही नोंद बदलत नाही. फेब्रुवारीत मात्र तेथे ३०० चा आकडा येतो आणि नव्याने नोकरीला लागलेल्या कित्येकांना लेखा शाखेची काही चूक झाली असावी असे वाटते. चूक झालेली नसते. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून बरोबर २,५०० रुपये होतात आणि एका व्यक्तीकडून वर्षाकाठी याहून एक रुपयाही अधिक व्यवसाय कर घेण्याची मुभा राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने राज्याला दिलेली नाही. कर बसविण्याचा अधिकार राज्याचा. त्याची कमाल मर्यादा मात्र घटनेने आखून दिलेली.

हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला. तो केवळ तिजोरीत भर पडावी म्हणून आलेला नव्हता. ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीस काम देण्याची हमी शासनाने पत्करली होती आणि त्या हमीसाठी पैसा उभा करावयाचा होता. शहरातील पगारदार, वकील, डॉक्टर व व्यापारी यांनी दिलेला कर कोरडवाहू भागातील मजुराच्या मजुरीसाठी वापरावयाचा, अशी ही कल्पना होती. संघराज्यात राज्य सरकारच्या हाती नेमके काय असते, हे व्याख्यांपेक्षा या एका योजनेच्या इतिहासावरून अधिक चांगले उमगते.

तीन सूची

भारत हा राज्यांचा संघ असेल, असे घटनेचा पहिलाच अनुच्छेद सांगतो. संघ हा शब्द का योजला याचा खुलासा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सभागृहापुढे मांडताना केला होता. भारतीय संघराज्य हे घटक राज्यांनी आपापसात केलेल्या करारातून जन्माला आलेले नाही. म्हणून कोणत्याही राज्यास त्यातून बाहेर पडण्याचा हक्क नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. मात्र याचा अर्थ राज्ये ही केंद्राची प्रशासकीय खाती आहेत, असा होत नाही. राज्य विधानमंडळाला आपले अधिकार संसदेच्या कृपेने मिळालेले नाहीत. संसदेला जे घटनेने दिले, त्याच घटनेने विधानमंडळालाही त्याचा वाटा दिला आहे.

हा वाटा सातव्या अनुसूचीत नोंदलेला आहे. तीत तीन सूची आहेत. संघसूचीतील विषयांवर संसदेने कायदे करावयाचे, राज्यसूचीतील विषयांवर विधानमंडळाने आणि समवर्ती सूचीतील विषयांवर दोघांनीही. मूळ घटनेत या तीन सूचींत अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ नोंदी होत्या. तिन्ही सूचींत न बसणारा विषय निघाल्यास तो २४८ व्या अनुच्छेदानुसार संसदेकडे जातो. १९३५ च्या कायद्यातही तीन सूची होत्या. पण हे उरलेले अधिकार कोणाला द्यावयाचे, ते त्या कायद्याने गव्हर्नर जनरलच्या मर्जीवर सोपविले होते.

राज्यसूची सवडीने वाचून पाहण्यासारखी आहे. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस येथून तिची सुरुवात होते. पुढे स्थानिक स्वराज्य संस्था, सार्वजनिक आरोग्य, शेती, पाणी, जमीन, मत्स्यव्यवसाय, बाजार आणि जत्रा येतात. स्मशाने व दफनभूमीही तीत आहेत. माणसाचा ज्या सरकारशी दररोज संबंध येतो ते बहुतांशी राज्य सरकारच का असते, याचे उत्तर या यादीत मिळते. सातबाराचा उतारा, प्राथमिक आरोग्य केंद्र, पोलीस ठाणे, पाटाचे पाणी, ग्रामपंचायत, या सर्वांचा उगम राज्यसूचीत आहे. ज्या विषयांवर विधानमंडळ कायदे करू शकते, त्या विषयांपर्यंत राज्याच्या कार्यकारी अधिकाराची व्याप्ती असेल, असे १६२ वा अनुच्छेद सांगतो. म्हणजेच कायदा करण्याचा अधिकार आणि तो राबविण्याची जबाबदारी ही एकाच मापाने मोजून दिलेली आहेत.

पैशाचे माप मात्र वेगळे आहे. आयकर, सीमाशुल्क, कंपनी कर असे सहज वाढणारे कर संघसूचीत गेले. राज्यांकडे जमीन महसूल, विक्री कर, मद्यावरील उत्पादन शुल्क, वाहन कर, वीज कर, मुद्रांक शुल्क, करमणूक कर आणि आपला हा व्यवसाय कर राहिला. शाळा, दवाखाने, रस्ते, पोलीस यांवरील खर्च मात्र राज्यांकडेच. ही तफावत घटनाकारांना ठाऊक होती; म्हणूनच दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमण्याची तरतूद २८० व्या अनुच्छेदात करण्यात आली. या वाटपाचे निकष नेहमीच वादाचे ठरले आहेत. पहिल्या वित्त आयोगाने आयकरातील राज्यांच्या हिश्शाची वाटणी करताना ८० टक्के भार लोकसंख्येला आणि २० टक्के वसुलीला दिला. त्या काळी मुंबईत गोळा होणाऱ्या आयकराचे प्रमाण ध्यानात घेता, या २० टक्क्यांवर मुंबई राज्य समाधानी असणे शक्यच नव्हते. चौदाव्या आयोगाने विभाज्य करांतील ४२ टक्के आणि पंधराव्या आयोगाने ४१ टक्के वाटा सर्व राज्यांना मिळून दिला. केंद्राने बसविलेले उपकर व अधिभार या विभाज्य रकमेत धरले जात नाहीत.

दुष्काळ कोणाचा?

सातव्या अनुसूचीतील तिन्ही सूची बारकाईने पाहिल्या तरी दुष्काळ हा शब्द कोठे आढळत नाही. शेतीप्रधान देशाच्या घटनेत ही गोष्ट चमत्कारिक वाटते खरी. परंतु शेती राज्याची, पाणी राज्याचे, जमीन राज्याची. त्यामुळे पाऊस पडला नाही म्हणजे पहिली हाक राज्य सरकारलाच ऐकावी लागते. ब्रिटिश अमदानीतील दुष्काळ संहितेपासून हीच वहिवाट चालत आली आहे.

१९७२ साली महाराष्ट्रावर असाच प्रसंग आला. त्याआधीची दोन वर्षेही राज्याच्या मोठ्या भागात पुरेशा पावसाची नव्हती. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने विकली गेली आणि माणसे गाव सोडून निघाली. शासनाने टंचाईची कामे काढली. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती अशा कामांवर माणसांची रीघ लागली. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात पोहोचली होती. त्या पिढीतील माणसांच्या बोलण्यात आजही खडीच्या ढिगांची आणि कामावर वाटलेल्या सुकडीची आठवण निघते.

या दुष्काळात संघराज्याच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दिसल्या. कामे काढणे राज्याच्या हाती होते आणि राज्याने ती काढली. पण मजुराच्या हातात पडलेल्या पैशाने विकत घ्यावयाचे धान्य राज्याच्या हाती नव्हते. धान्याच्या राज्याराज्यांतील वाहतुकीवर त्या काळी निर्बंध होते आणि स्वस्त धान्याच्या दुकानांतून मिळणारा गहू व मिलो केंद्राच्या साठ्यातून येत असे. अन्नधान्याचा व्यापार व पुरवठा हा विषय समवर्ती सूचीत आहे. केंद्राकडून मिळालेले धान्य गरजेच्या मानाने अपुरे पडले. मजुरी राज्याने दिली तरी ज्वारीचा भाव राज्याला आवरता आला नाही, असाच याचा अर्थ. ज्याच्याकडे जबाबदारी असते, त्याच्याकडे साधने असतातच असे नाही, हा धडा प्रशासनाला त्या वर्षी फार जवळून मिळाला.

काम मागण्याचा हक्क

टंचाईच्या कामांत एक मूलभूत उणीव होती. ती दुष्काळ जाहीर झाल्यावर सुरू होत आणि पाऊस पडल्यावर बंद होत. कोरडवाहू भागातील शेतमजुराची बेकारी मात्र दरवर्षीचीच. सुगी आटोपली की कामही संपते. यावर उपाय म्हणून राज्य विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी एक कल्पना मांडली : काम हवे असणाऱ्याने ते मागावे आणि शासनाने ते द्यावे. सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात १९६५ साली तिचा प्रयोग करण्यात आला. १९७२ साली योजना राज्यासाठी स्वीकारण्यात आली. तोच दुष्काळ पडल्याने टंचाईच्या कामांपुढे ती मागे राहिली आणि तो ओसरल्यावर पुन्हा हाती घेण्यात आली.

घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात, राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत कामाचा हक्क मिळवून देण्यासाठी परिणामकारक तरतूद करावी, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नाहीत. तेव्हा आर्थिक कुवतीच्या मर्यादेत या तीन शब्दांच्या आड कोणत्याही सरकारला सुखाने उभे राहता आले असते. महाराष्ट्राने ती कुवत वाढविण्याचा मार्ग पत्करला आणि राज्यसूचीतील ६० व्या नोंदीकडे वळून व्यवसाय कर बसविला. त्याखेरीज विक्री करावर व मोटार वाहन करावर जादा आकारणी झाली, ओलिताच्या शेतजमिनींवर खास आकारणी आली आणि शहरांतील बिगरनिवासी मालमत्तांवरही कर बसला. १९६२ च्या शिक्षण उपकर कायद्याच्या नावात पुढे रोजगार हमी हे शब्द जोडले गेले, ते यामुळेच. या करांतून जेवढी निव्वळ रक्कम येईल तेवढीच आणखी रक्कम शासनाने आपल्या तिजोरीतून घालावयाची, असे ठरले. ओलिताच्या शेतकऱ्याने आणि शहरी नोकरदाराने कोरडवाहू मजुरासाठी कर द्यावा, याला विधानमंडळातील सर्व पक्षांची मान्यता मिळाली. करवाढीचे विधेयक म्हटले की सभागृहात काय घडते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या गोष्टीचे मोल सांगावयास नको.

१९७७ साली महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम विधानमंडळाने संमत केला. रोजगार आणि बेकारी हा विषय समवर्ती सूचीत तेविसाव्या क्रमांकावर आहे. त्यावर राज्याला कायदा करता येतो. परंतु त्याच विषयावरील केंद्रीय कायद्याशी तो विसंगत ठरल्यास २५४ व्या अनुच्छेदानुसार केंद्रीय कायदा वरचढ ठरतो. राष्ट्रपतींची संमती मिळालेला राज्याचा कायदा त्या राज्यापुरता टिकून राहतो. रोजगार हमी अधिनियमासही राष्ट्रपतींची संमती घेण्यात आली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. कल्याणाची योजना आणि कायद्याने दिलेला हक्क यांतील अंतर या दिवशी ओलांडले गेले. योजना शासन निर्णयाने सुरू होते आणि शासन निर्णयानेच बंद पडू शकते. अधिनियम मागे घ्यावयाचा तर विधानमंडळात उभे राहून तसे सांगावे लागते.

कागदावरील हमी आणि बांधावरील हमी

अधिकार वापरला की जबाबदारी अंगावर येते, ती कशी, हे या कायद्याच्या तरतुदींत स्पष्ट दिसते. अठरा वर्षांवरील कोणीही ग्रामीण रहिवासी अकुशल शारीरिक काम करण्यास तयार असेल तर त्याने नाव नोंदवून काम मागावे. पंधरा दिवसांच्या आत काम देणे शासनावर बंधनकारक. ते न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा. कामाची निवड मजुराने करावयाची नाही; शासन देईल ते काम त्याने करावयाचे. साधारणपणे किमान ५० मजूर असल्याखेरीज नवे काम काढावयाचे नाही आणि खर्चातील निदान ६० टक्के भाग मजुरीवर पडला पाहिजे, असे दंडक ठरले. स्त्री आणि पुरुष यांना कामाच्या मापानुसार सारखाच दर लागू झाला. गावातील शेतकामावर बाईची मजुरी पुरुषाच्या मजुरीहून कमी असणे हा जेथे रिवाजच होता, तेथे ही तरतूद साधी नव्हती. या कामांवर स्त्रियांची संख्या मोठी राहिली, याचे एक कारण हे आणि दुसरे कारण म्हणजे घरापासून फार दूर न जाता मिळणारे काम.

जिल्हाधिकारी आणि तहसीलदार हे अधिकारी या कायद्यामुळे एका निराळ्याच भूमिकेत आले. जमीन महसुलासाठी गावात येणारा अधिकारी गावकऱ्यांना परिचयाचा होता. आता गावकरी अर्ज घेऊन त्याच्याकडे जाऊ लागले आणि उत्तर देण्याची मुदत त्याच्यावर पडली. तहसील कचेरीवर काम मागण्यासाठी निघणारे मोर्चे हे पुढील काळात ग्रामीण महाराष्ट्रातील नेहमीचे दृश्य झाले. प्रशासनाला त्यांचा त्रास होत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हे मोर्चे कायद्याचा भंग करण्यासाठी नव्हे, तर कायद्याची अंमलबजावणी मागण्यासाठी येत, हेही तितकेच खरे.

योजनेत उणिवा होत्या. मजुरी वेळेवर न मिळणे ही त्यांतील सर्वांत जुनी. काम झाले तरी मोजमाप घेणारा कनिष्ठ अभियंता आठवडे उलटले तरी येत नसे आणि मोजमाप झाल्याखेरीज हजेरीपट पुढे सरकत नसे. हजेरीपटावर खोटी नावे असल्याच्या तक्रारी झाल्या. पावसाळा तोंडावर आला की मजूर शेतीकडे वळत आणि अर्धवट राहिलेला बांध पहिल्याच पुरात वाहून जाई. काही ठिकाणी पाझर तलावाखालच्या विहिरींना पाणी वाढले, पण तलाव ज्याने खोदला त्या भूमिहीनाची विहीरच नव्हती. हा शेवटचा दोष केवळ देखरेख वाढवून दूर होण्यासारखा नाही. १९८८ सालची जवाहर विहीर योजना आणि १९९० साली हमीशी जोडलेला फळबाग लागवडीचा कार्यक्रम यांमुळे योजनेचा पैसा खाजगी शेतांपर्यंत पोहोचला. मराठवाडा, विदर्भ व कोकणात त्यातून बागा उभ्या राहिल्या. जमीन नसलेल्याला मात्र त्यातही लागवडीच्या मजुरीपलीकडे काही लाभले नाही.

या सर्व दोषांबद्दल जाब कोणाला विचारावयाचा, याविषयी मात्र संदिग्धता नव्हती. पैसा राज्याचा, कायदा राज्याचा, यंत्रणा राज्याची. केंद्राकडे बोट दाखविण्याची सोय या योजनेत ठेवलेलीच नव्हती.

आखून दिलेल्या रेषा

रोजगार हमीचे कामही राज्याच्या अधिकाराच्या कडेला जाऊन थबकते, अशी उदाहरणे आहेत. वने हा विषय मुळात राज्यसूचीत होता. ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वजने-मापे आणि वन्य पशुपक्ष्यांचे संरक्षण यांच्यासह तो समवर्ती सूचीत नेला. ३ जानेवारी १९७७ पासून हा बदल अंमलात आला. त्यानंतर १९८० साली संसदेने वनसंवर्धनाचा कायदा केला आणि वनजमिनीचा वनेतर उपयोग करण्यापूर्वी केंद्राची मान्यता आवश्यक झाली. डोंगराच्या कुशीत पाझर तलावासाठी सोयीची जागा वनहद्दीत निघाली, तर प्रस्ताव दिल्लीकडे जाऊ लागला. वनांच्या रक्षणाच्या दृष्टीने हा कायदा हितावह ठरला, यात शंका नाही. तालुक्याच्या पातळीवर मात्र त्याचा अर्थ वाट पाहणे असाच होता.

पाण्याचेही तसेच. पाणी राज्यसूचीत आहे, परंतु आंतरराज्य नद्यांचे नियमन संघसूचीत. कृष्णा खोऱ्यातील पाणीवाटपाचा निर्णय १९५६ च्या आंतरराज्य जलविवाद कायद्याखाली नेमलेल्या बच्छावत लवादाने दिला. त्या निवाड्याने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट, कर्नाटकाला ७०० आणि तत्कालीन आंध्र प्रदेशाला ८०० अब्ज घनफूट पाणी आले. महाबळेश्वरास उगम पावणारी नदी असली तरी तिच्या खोऱ्यात किती पाणी अडवावयाचे, हे एकट्या महाराष्ट्राला ठरविता येत नाही.

कर्जाच्या बाबतीत २९३ वा अनुच्छेद आहे. केंद्राचे कर्ज बाकी असलेल्या राज्यास केंद्राच्या संमतीवाचून नवे कर्ज उभारता येत नाही. केंद्र-राज्य संबंधांचा विचार करण्यासाठी १९८३ साली नेमलेल्या सरकारिया आयोगाने आंतरराज्य परिषदेची शिफारस केली आणि १९९० साली ती परिषद स्थापन झाली. राज्य सरकारे बरखास्त करण्याच्या ३५६ व्या अनुच्छेदाखालील अधिकाराला न्यायालयीन तपासणीची चौकट मिळाली ती १९९४ सालच्या बोम्मई खटल्यातील नऊ न्यायाधीशांच्या निर्णयाने. या दोन्ही विषयांवर स्वतंत्र लेख होतील, म्हणून येथे निर्देशावर भागविणे बरे.

राज्याची वाट देशाने घेतली

२००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा संमत केला. २ फेब्रुवारी २००६ पासून तो प्रथम २०० जिल्ह्यांत आणि १ एप्रिल २००८ पासून सर्व ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला. दर कुटुंबास वर्षात १०० दिवस कामाची हमी, पंधरा दिवसांची मुदत, बेकारी भत्ता, मजुरीस ६० टक्के ही त्याची चौकट महाराष्ट्रातील वाचकास ओळखीची वाटली असेल. एका राज्याने स्वतःच्या करांवर चालविलेला प्रयोग पाव शतकानंतर देशाचा कायदा झाला, हे संघराज्यपद्धतीचे एक मोठे गमक आहे. एकाच केंद्रीय सत्तेने सर्व ठरवावयाचे असते, तर विसापूरला झालेला प्रयोग बहुधा एखाद्या टिपणीत राहून गेला असता.

या कायद्याच्या २८ व्या कलमात एक सूक्ष्म, पण महत्त्वाची तरतूद होती. ज्या राज्यात तितकेच किंवा त्याहून सरस हक्क देणारा रोजगार हमीचा कायदा असेल, त्या राज्यास स्वतःचाच कायदा राबविण्याची मुभा देण्यात आली होती. महाराष्ट्राने २००६ साली आपल्या १९७७ च्या अधिनियमात दुरुस्ती करून तो चालू ठेवला. केंद्राने अकुशल मजुरीचा संपूर्ण आणि साहित्याचा तीन चतुर्थांश खर्च द्यावयाचा होता. १०० दिवसांपलीकडील हमीचा भार राज्याने उचलावयाचा होता. बेकारी भत्ताही राज्यानेच द्यावयाचा, कारण काम वेळेवर न देणे हा अंमलबजावणीतील दोष आणि अंमलबजावणी राज्याची, असे त्यामागील तर्कशास्त्र होते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १२५ केले असून बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के अशी ठरविली आहे. मजुरीचा सारा भार केंद्राने उचलण्याच्या पद्धतीऐवजी आता राज्याच्या अर्थसंकल्पात त्यासाठी मोठी तरतूद लागणार. यामुळे अर्धशतकापूर्वीचा प्रश्न राज्यांपुढे पुन्हा उभा राहिला आहे : हा पैसा कोठून आणावयाचा?

१९७५ साली या प्रश्नाचे उत्तर राज्यसूचीत सापडले होते. आज तीच सूची उघडली तर चित्र बदललेले दिसते. १०१ व्या घटनादुरुस्तीनंतर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. विक्री करासंबंधीची ५४ वी नोंद आक्रसून पेट्रोलियम पदार्थ व मानवी सेवनासाठीचे मद्य यांपुरती उरली. जकातीचा आधार असलेली ५२ वी नोंद गेली. नव्या कराचे दर सुचविण्याचे काम वस्तू व सेवा कर परिषदेकडे आहे. तेथे केंद्राच्या मताला एक तृतीयांश आणि सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश वजन आहे, तर निर्णयास तीन चतुर्थांश मते लागतात. महाराष्ट्र आणि एखादे अगदी लहान राज्य यांच्या मतांचे वजन तेथे सारखेच असते. परिषदेच्या शिफारशी विधानमंडळांवर बंधनकारक नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात दिला. तथापि, एखाद्या राज्याने एकट्याने वेगळा दर लावावयाचा म्हटल्यास व्यवहारात ते किती अवघड आहे, हे व्यापाऱ्यांनाही ठाऊक आहे. महसुलातील तूट भरून देण्याची पाच वर्षांची हमी ३० जून २०२२ रोजी संपली. १९७५ साली विक्री करावर जशी जादा आकारणी करता आली, तशी आज करावयाची तर ती पेट्रोल, डिझेल आणि मद्य यांवरच करावी लागेल.

व्यवसाय कर मात्र वस्तू व सेवा करात विलीन झालेला नाही. तो राज्याचाच आहे. २५,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असणाऱ्या स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून त्यातून सूट देण्याचा निर्णय राज्याला कोणालाही न विचारता घेता आला. कर वाढविणे मात्र त्याच्या हाती नाही. घटनेने १९५० साली घातलेली २५० रुपयांची वार्षिक मर्यादा १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० वर नेली. त्यानंतर मजुरीचे दर, सिमेंटचे भाव आणि पगार कितीतरी पटींनी वाढले. मर्यादेचा आकडा तोच राहिला. तो बदलावयाचा तर विधानमंडळाने कितीही एकमताने ठरविले तरी पुरेसे नाही. त्यासाठी संसदेत घटनादुरुस्ती व्हावी लागेल.